गजभिये बाईंचं नरसाळं

गजभिये बाई कुठलीही वस्तू खाली ठेवताना आवाज होऊ देत नसत. चहाचा कप, डब्याचं झाकण, किल्ल्यांचा जुडगा, सगळं त्या असं ठेवायच्या की शेजारी कोणाचं तान्हं बाळ निजलं असावं. पहिल्या दिवशी मी माझी बॅग त्यांच्या टेबलावर धपकन टाकली, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बॅग उचलून स्टुलावर ठेवली आणि काचेच्या मोजनळीकडे बोट केलं.

"थे पाय. मोजनळीतली पुडी दोन रेघा खाली बसली. तुह्या बॅगीनं. आता मले पुन्हा भरा लागन."

"सॉरी मॅडम."

"मॅडम नोको म्हनू. सारे बाई म्हनतेत. अन् हळू ठेवत जा."

मी तेव्हा तुमसरच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या सिहोऱ्याच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. प्रोजेक्ट म्हणजे नक्की काय करायचं, हे घरी विचारावं असं कोणी नव्हतं. सरांनी एक पत्र दिलं आणि चिखल्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात सहा आठवड्यांसाठी पाठवलं. तिथे मँगनीजचा दगड दळून त्याची पूड करत. काळपट तपकिरी, बोटाला लागली की धुऊनही न जाणारी. ती गुरांच्या खाद्यात जायची, खतात जायची, विटांच्या रंगातही जायची. मला वाटलं होतं मी पांढरा कोट घालून त्या पुडीची शुद्धता तपासेन. पण शुद्धता तपासणारे केमिस्ट आठवड्यातून दोनदाच येत, आणि त्यांच्या खोलीला कुलूप असे. मला मिळाला तो बाहेरच्या खोलीतला कोपरा आणि गजभिये बाई.

त्या कोपऱ्यात एक लोखंडी स्टँड, त्यात अडकवलेलं एक स्टीलचं नरसाळं, खाली गोल काच, एक मोजनळी, एक पट्टी, एक स्टॉपवॉच आणि एक लांबट रजिस्टर होतं. एवढीच त्यांची प्रयोगशाळा. बाईंचं शिक्षण सातवीपर्यंतचं. कारखान्यात त्या आल्या त्या चाळणीवर मजूर म्हणून. कागदावर त्या अजूनही 'मदतनीस' होत्या. पण दळलेला प्रत्येक लॉट हॉपरच्या उंच टाकीत चढायच्या आधी त्यांच्या नरसाळ्यातून जायचा.

"कॉलेजात काय शिकवते तुले?" त्यांनी विचारलं.

"धातू किती टक्के, ओलावा किती टक्के..."

"अन् वाहते का नाई, थे?"

असा प्रश्न आम्हाला कोणी विचारलाच नव्हता.

"माल कितीबी चोख असू दे, पोरी. वाहला नाई तं अडकला. अन् अडकला का मानूस आत जाते."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तपासणी अशी असायची. नरसाळ्याचं तोंड खालून बोटानं बंद करून त्यात ठरलेली पूड भरायची. बोट काढायचं आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबायचं. पूड खाली काचेवर पडून तिचा ढीग होतो. चांगली पूड पसरते, ढीग बसका होतो. चिकट पूड एकावर एक चढत जाते, ढीग उभा होतो, देवळाच्या कळसासारखा. ढिगाची उंची आणि रुंदी मोजली की उतार कळतो. मग दुसरी पूड मोजनळीत शंभराच्या रेघेपर्यंत अलगद भरायची आणि मोजून ठोके द्यायचे. चांगली पूड ऐंशीच्या आसपास येऊन थांबते. वाईट पूड बसतच जाते.

आणि एक नियम. नरसाळं मध्येच थांबलं तर त्याला हात लावायचा नाही. रजिस्टरात 'थांबली' असं लिहायचं आणि तो लॉट बाजूला काढायचा.

"थोडं टिचकी मारलं तर वाहील की," मी म्हणाले.

"वाहन ना. पन मंग थे तुही टिचकी वाहली, पुडी नाई वाहली." नरसाळं पुसता पुसता त्या म्हणाल्या, "हात लावला का पुडी खोटं बोलते."

हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी म्हणत. देवा त्यांची नक्कल करायचा. देवा म्हणजे चिखल्याचा देवानंद, हॉपरवरचा कामगार, सडपातळ, कायम गळ्यात गमछा. चहाच्या वेळी तो बिस्कीट बुडवायचा, ते कपात तुटून पडायचं, आणि तो हात जोडून म्हणायचा, "हात लावला का बिस्कीट खोटं बोलते, बाई." सगळे हसायचे. बाईसुद्धा हसायच्या. पण हसून झालं की म्हणायच्या, "देवा, कमरेचा पट्टा कुठी हाय तुहा?" पट्टा खिळ्याला टांगलेला असायचा. नेहमी.

बाईंना जगातली कुठलीही पूड दिसली की हात शिवशिवायचे. टपरीवर साखरेची बरणी तिरपी करून बघायच्या. घरी बेसन, तांदळाचं पीठ, दुधाची पावडर, सगळं त्यांनी कागदाच्या नरसाळ्यातून पाडून पाहिलं होतं. त्यांच्या सुनेनं मला सांगितलं, लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाईंनी तिची टाल्कम पावडर ताटलीत ओतून ढीग मोजला होता. "मले वाटलं, घरात वेडं मानूस हाय का काय!"

एकदा त्यांना नागपूरला दोन दिवसांच्या शिकवणीला पाठवलं होतं. तिथे एका औषधांच्या कारखान्यात नेलं. त्या एका भेटीवर त्या किती तरी वर्षं बोलत होत्या. गोळ्या बनवणाऱ्या मशीनमध्ये पूड छोट्या छोट्या साच्यांत आपोआप पडते आणि वरून दाब बसतो. मशीनला तराजू माहीत नसतो. साच्यात जेवढी पूड वाहून आली तेवढीच गोळी.

"पुडी अडकत अडकत आली तं एक गोळी भरलेली, दुसरी हलकी," त्या सांगत. "लेकराले ताप हाय, अन् मायनं हलकी गोळी देल्ली. तिले काय मालूम? गोळी तं गोळीच दिसते." मग त्या बोटांवर मोजत. सिमेंट, रंग, मिरची पावडर, बॅटरीतला मसाला, दुधाची भुकटी. "जिथं जिथं पुडी, तिथं तिथं कोनी तरी नरसाळं धरून बसलं पायजे. नाई बसलं तं कोनाले तरी भोगा लागते. अन् ज्यानं नरसाळं धरलं नाई, थो भोगत नाई."

मी हे प्रोजेक्टच्या वहीत लिहून घेतलं होतं. सरांनी नंतर खोडलं. भाषा शास्त्रीय नाही म्हणाले.

त्यांना हे सगळं कुठून आलं, ते एकदा दुपारी कळलं. बाई साकोलीकडच्या एकोडीच्या. लहानपणी त्यांची आई धान कापायला जायची, आणि मजुरी धानातच मिळायची, पायलीनं मापून. मालकाचा माणूस धान वरून भुरभुर सोडायचा. पायली भरलेली दिसायची, पण आत पोकळ. आई हात जोडायची नाही, भांडायचीही नाही. फक्त म्हणायची, "ठोका जी एकदा." माणूस नाइलाजानं पायली जमिनीवर ठोकायचा, धान चार बोटं खाली बसायचं, आणि वर आणखी ओंजळभर पडायचं.

"ठोकलं का दाना दान्याजवळ जाते," बाई म्हणाल्या. "हे माह्या मायले मालूम होतं. पन इथल्या लोकाइले अजून मालूम नाई. हॉपर अडकला का घन घेऊन धावतेत."

हॉपर म्हणजे कारखान्याच्या मागच्या बाजूला चार लोखंडी पायांवर उभं असलेलं प्रचंड नरसाळंच. वरून पूड भरायची, खालचा पत्र्याचा पडदा सरकवला की टँकरमध्ये पडायची. माथ्यावर माणूस जाईल एवढं गोल झाकण. आमच्याकडे प्रत्येक घरात धानाची कोठी असते. धान अडलं की कोठीला बाहेरून दोन बुक्क्या मारायच्या, धान सुटतं. इथले सगळे कामगार धानाच्या घरातलेच. म्हणून पूड अडली की सगळ्यांचा हात आपसूक घनाकडे जायचा. पण ही पूड मैद्याहून बारीक. तिला मारलं की ती सुटत नाही, आईच्या पायलीसारखी घट्ट बसते. हॉपरच्या पोटावर घनाच्या मारानं पडलेले शेकडो पोचे होते. बाहेरून पोचा तो आतून टेंगूळ, आणि पूड पुढच्या वेळी त्याच टेंगळावर अडायची. जितकं मारलं तितकं अडलं, आणि जितकं अडलं तितकं मारलं.

आणि मारूनही सुटलं नाही की वरचं झाकण उघडून माणूस आत उतरायचा. पुडीवर उभा राहून सळईनं टोचायचा. वरून पूड जमिनीसारखी दिसते. पण पडद्याजवळची थोडी पूड निघून गेलेली असते, आणि मध्ये कमान धरून वरचा सगळा माल अधांतरी थांबलेला असतो. आत पोकळ.

गेटवर शालिकदादा बसायचे. ते गेट सोडून आत कधी येत नसत, पगाराचा कागदसुद्धा कोणी तरी त्यांना नेऊन द्यायचं. पूर्वी हॉपरमध्ये तेच उतरायचे. एकदा पायाखालची कमान फुटली आणि ते छातीपर्यंत पुडीत गेले. तेव्हा बाई चाळणीवर होत्या. वरच्या झाकणातून दोघांनी शालिकदादांचे हात धरून ठेवले होते, त्यातल्या एक बाई. "वढता येत नव्हतं. फक्त धरून ठेवाचं. श्वास सोडला का छातीची जागा पुडी घेत होती, पुन्हा श्वास घेता येत नव्हता." शालिकदादा वाचले, पण अजून बोलता बोलता मध्येच थांबतात, हवा कमी पडल्यासारखे. त्यानंतर बाईंनी नरसाळं मागून घेतलं. पूड हॉपरमध्ये चढण्याआधीच कळलं पाहिजे, म्हणजे कोणाला आत जावं लागणार नाही. त्यांच्या आयुष्याचा हिशेब एवढाच होता. बाकी त्या काय होत्या, नवरा कधी गेला, हे मी कधी विचारलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

श्रावण सुरू होता. धानाची रोपं लावायचा रोवणा लागला की बाई दोन दिवस भावाकडे एकोडीला जायच्या. शनिवारी त्या गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "कॉलेज, आता तुले येते सारं. पन नेम लक्षात ठेव." त्या मला 'कॉलेज' म्हणायच्या. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं नेहमीपेक्षा बारीक पूड मागितली होती. दळण बारीक केलं होतं आणि हवाही दमट होती. दुपारी लॉट आला. मी नरसाळं भरलं, बोट काढलं. पूड थोडी पडली आणि थांबली.

कटरे साहेब दारात उभे होते. ते आमचे सुपरवायझर. वाईट माणूस नव्हते, पण सतत घाईत असायचे, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे म्हणजे बोलता बोलता बघता येतं. "झालं का? सोमवारी सकाळी टँकर आहे. केमिस्टनं माल पास केलाय, टक्का बरोबर आहे. तुमचं फक्त हेच राहिलंय."

मी पुन्हा भरलं. पुन्हा थांबली. साहेबांनी मनगट उलटं केलं.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी नरसाळ्याला बोट लावलं. दोनदा. टिक, टिक. पूड घसरली, सगळी खाली आली. मी स्टॉपवॉचवरचा आकडा रजिस्टरात लिहिला. ढीग कसा होता ते मला दिसत होतं. तो कळसासारखा उभा होता. पट्टी लावताना माझ्याच हातानं काच हलली, ढीग थोडा बसला, आणि मी बसलेला ढीग मोजला. मोजनळी ठोकलीच नाही. 'ठीक' असं लिहिलं. साहेब "गुड" म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, एवढ्यानं काय होतं.

हॉपर संध्याकाळपर्यंत भरला आणि रविवारभर तसाच उभा राहिला. स्वतःच्याच वजनाखाली पूड दबत राहिली.

सोमवारी सकाळी मी गेटमधून आत शिरले तर घनाचा आवाज येत होता. शालिकदादा खुर्चीवरून उठून उभे होते. पडदा उघडला होता, टँकर खाली लागला होता, घमेलंभर पूड पडली होती आणि बंद झाली होती. देवा आणि आणखी एक जण आळीपाळीनं मारत होते. मी तिकडे न थांबता टेबलाशी जाऊन बसले.

बाई साडेनऊच्या बसनं आल्या. टाचांना धानाच्या बांधीचा चिखल तसाच. त्या हॉपरकडे गेल्या नाहीत. आधी टेबलाकडे आल्या, रजिस्टर उघडलं, शनिवारची ओळ वाचली. काचेखालच्या तबकात उरलेली चिमूटभर पूड अंगठ्यानं चोळली.

"बोट लावलं होतं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "दोनदा."

त्यांनी रजिस्टर मिटलं. आवाज न करता.

त्याच वेळी बाहेर घन थांबला. बाईंची मान वर झाली. मारणं थांबण्याचा अर्थ त्यांना माहीत होता. आम्ही धावलो. वरचं झाकण उघडलं होतं आणि देवा सळई न्यायला शिडीवरून खाली आला होता. गमछा तोंडाला बांधत होता.

"देवा, जाऊ नोको."

"दोन मिंटाचं काम हाय बाई. टोचतो अन् येतो."

"पट्टा?"

"पट्ट्यानं हात चालत नाई न बाई. तुमी चहा सांगून ठेवा." आणि तो सळई घ्यायला वळला.

शालिकदादांना वरून धरून ठेवलं, त्या दिवसापासून बाईंना उंचीची भीती होती. हे मी आधीच सांगायला हवं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं असलं तरी त्या मला स्टुलावर चढवायच्या, आणि स्टूल स्वतः धरूनही डोळे मिटून घ्यायच्या. त्या बाईंनी पदर खोचला आणि शिडी धरली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मूल चढतं तशा. कोणाच्या लक्षात यायच्या आत त्या निम्म्यावर होत्या. वर पोचल्या, झाकण ओढून लावलं, पण ते आपटलं नाही, आणि त्यावर मांडी घालून बसल्या. एका हातात कठडा घट्ट. डोळे मिटलेले.

"अवो बाई!" देवा खालून ओरडला. "हे काय नाटक लावलं? उतरा!"

"तू आत जाशीन तं मले उचलून जा."

कटरे साहेब पळत आले. "बाई, खाली या. टँकर उभा आहे. हे तुमचं काम नाही."

"माहंच काम हाय साहेब. वाहत नाई, हे सांगाचं काम माहं हाय. शनिवारी सांगाचं राहून गेलं, आता सांगून राहिली."

"रजिस्टरमध्ये तर ठीक लिहिलंय!"

मी तिथेच उभी होते, साहेबांपासून चार हातांवर. तोंड उघडलं. 'ते मी लिहिलं,' एवढंच सांगायचं होतं. घरी काय सांगू, प्रोजेक्ट रद्द झाला तर काय, असलं सगळं एकदम डोक्यात आलं.

वरून आवाज आला, "टेबल माहं हाय. लिवलं असन तं माही चुकी हाय. थे मंग पायजा. आधी टँकर मांगं घ्या, खाली कोनी उभं राहू नोका. बाजूच्या भोकातून बांबू घाला. बुडापासून, हळूहळू. मारू नोका, फक्त टोचा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, वर पाहिलं. मग त्यांनी हातानं टँकरवाल्याला मागे जायला सांगितलं. मला वाटतं, त्या बाईला उचलून आणायला कोणी वर जाणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

देवानं लांब बांबू घेतला. खालच्या बाजूला हाताएवढं भोक होतं, त्यातून तो टोचू लागला. थोडी पूड यायची, थांबायची. पुन्हा थोडी. ऊन कडक झालं होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाई वर हलल्या नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारीले चक्कर येईन बाप्पा." कोणी हसलं नाही. देवा चिडला होता. "आतून दोन मिंटात झालं असतं," तो पुटपुटत होता, आणि टोचत होता.

मग धप्प झालं.

तो आवाज मोठा नव्हता. पाण्यानं भरलेलं पोतं वरून पडावं तसा. पण हॉपरचे चारही पाय थरथरले, खालच्या उघड्या पडद्यातून पूड लोंढ्यासारखी बाहेर वाहत राहिली, आणि वर झाकणाच्या कडांमधून काळ्या धुरासारखी पूड उसळली. बाई त्यात दिसेनाशा झाल्या.

"बाई!" देवानं बांबू टाकला. "ओ बाई!"

काहीच दिसत नव्हतं. मग खोकला ऐकू आला. एक, दोन, आणि मग बाईंचा आवाज, कोरडा, "सुटली का नाई रे?"

देवाच शिडी चढून वर गेला. बाईंना आता उतरता येत नव्हतं, हात कठड्यावरून सुटतच नव्हते. तो त्यांच्या खालच्या पायरीवर उभा राहिला आणि एकेक पाऊल हातानं धरून पायरीवर टेकवत आणू लागला. "हा पाय ठेवा बाई. आता हा. मी हाओ न खाली. डोळे नोका उघडू." केसांपासून टाचांपर्यंत त्या काळ्या झाल्या होत्या. त्या जमिनीवर टेकल्या तसा देवा पुन्हा वर चढला. निळ्या रंगाच्या झाकणावर सगळीकडे पूड बसली होती, फक्त त्या बसल्या होत्या तेवढीच जागा निळी राहिली होती. त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सकाळी त्यानं उघडलं तेव्हा पूड हाताला लागेल इतकी वर होती. आता ती दोन माणसं एकावर एक उभी केली तरी दिसणार नाहीत इतकी खाली गेली होती.

तो उतरला आणि कोणाशी न बोलता गेटवर जाऊन शालिकदादांच्या शेजारी जमिनीवर बसला. शालिकदादांनी त्याला पाणी दिलं. त्या दिवशी तो परत आत आला नाही.

बाईंनी नळावर तोंड धुतलं, टेबलाशी आल्या आणि शनिवारच्या ओळीसमोर लिहिलं, 'थांबली.' खाली सही केली. मग नरसाळं धुवायला घेतलं. मी रडत होते. "रडून काय होते?" त्या म्हणाल्या. "दुसरी पुडी आन. भर. बोट काढ, अन् हात मांगं बांधून उभी राह्य."

मी भरली. पूड थांबली. मी हात मागे बांधून उभी राहिले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दोन मिनिटं असतील.

मालकापर्यंत गोष्ट गेली. चुकीची नोंद कशी झाली, याचं उत्तर कोणी तरी द्यायला हवं होतं, आणि रजिस्टर बाईंचं होतं. आठवड्यात त्यांना टेबलावरून काढून पोत्यांच्या शेडमध्ये बसवलं. मी प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर खरं काय झालं ते लिहिलं, तिन्ही वेळा नरसाळं थांबलं आणि मी बोट लावलं, आणि ते पान कटरे साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सही केली. पण तोवर बाईंचं सामान हललं होतं. जे तोंडानं चार हातांवरून सांगायचं होतं, ते मी कागदावर आठ दिवसांनी सांगितलं. त्याला सांगणं म्हणतात का, मला माहीत नाही.

दिवाळीनंतर मी प्रमाणपत्र आणायला गेले. हॉपरच्या झाकणाला आता कुलूप होतं. किल्ली नरसाळ्याच्या शेजारी खिळ्याला होती, आणि कटरे साहेबांनी मला ती स्वतः दाखवली. "झाकण उघडायचं तर आधी इथे येऊन ढीग बघायचा," ते म्हणाले. टेबलावर एक नवीन मुलगी बसली होती. तिनं हात मागे बांधले होते. ते तिला कोणी शिकवलं, हे मी विचारलं नाही.

बाई शेडच्या दारात जेवायला बसल्या होत्या. भात आणि लाखोरीची डाळ. तोंड हॉपरकडे.

"पास झाली का, कॉलेज?"

"निकाल यायचा आहे बाई." मग मी म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

त्यांनी डाळीत भात कालवला. "देवाच्या घरी पाळना हालनार हाय," त्या म्हणाल्या. "होळीच्या आसपास." आणि मला डब्याच्या झाकणात चार घास काढून दिले.

मी खाऊन निघाले. गेटपाशी शालिकदादांना हात करून वळले, तेवढ्यात घनाचा आवाज आला. ठण्ण. ठण्ण. रस्त्यापलीकडे कोणी तरी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा सरळ करत होतं. मला ते दिसत होतं. शेडमधून दिसत नव्हतं.

बाईंच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं. फरशीवर खणखणत गोल फिरलं. त्यांच्या हातून पडलेल्या वस्तूचा आवाज मी तो पहिल्यांदाच ऐकला. त्या उभ्या राहिल्या होत्या, खरकटा हात तसाच, आणि शिडीच्या दिशेनं निघाल्या होत्या. इकडे शालिकदादाही उठले होते.

"भायेरचा हाय बाई!" हॉपरखालून देवा ओरडला. कमरेला पट्टा होता त्याच्या. "भायेरचा आवाज हाय! जेवा तुमी!"

बाई थांबल्या. कपाळावर डावा हात धरून त्यांनी एकदा वर झाकणाकडे पाहिलं, कुलूप दिसेपर्यंत. मग मागे फिरल्या, वाकून डब्याचं झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि शेजारी ठेवलं. एवढ्या लांबून हलका आवाज मला ऐकू येणार नव्हताच. पण ते ठेवताना आवाज झाला नसणार.